शनिवारी दहा ते बारा

मी भांडायला गेले होते. लीड्समध्ये नवीन घरात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि शेजारच्यांची हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, हातभर आमच्या ड्राइव्हवर आली होती. गाडीतून उतरलं की काटे दंडाला. नवरा म्हणाला, "अगं मेघना, जाऊ दे ना. म्हातारी माणसं दिसतात." पण 'जाऊ दे' मला जन्मात जमलेलं नाही. मी बेल वाजवली.

दार उघडलं ते एका ताडमाड उंच गृहस्थांनी. वय पंचाहत्तरीच्या पुढे, घरातल्या घरात टाय, पायात मात्र लोकरीच्या सपाता. माझी सगळी तक्रार त्यांनी एक शब्द न बोलता ऐकून घेतली. मग "क्षमा करा, एकच मिनिट," म्हणून आत गेले आणि वही घेऊन आले. तारीख घातली, वेळ घातली आणि विचारलं, "तक्रारदाराचं पूर्ण नाव?"

मी चाटच पडले. सांगितलं. त्यांनी सगळं लिहून काढलं, मग ते मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "तुमचं म्हणणं नीट नोंदलं गेलंय का? काही दुरुस्ती?" माझ्या दोन दुरुस्त्या होत्या. असायच्याच. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, लोकांच्या चुका काढायचाच मला पगार मिळतो. त्यांनी दोन्ही घेतल्या, खाली सही केली, माझीही घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला शिडी लावून हजर. हेज कापली ती मात्र मी म्हटलं होतं त्यापेक्षा दोन इंच कमी. मी विचारलं तर शिडीवरूनच म्हणाले, "मिसेस वैद्य, वाटाघाटीत एक बाजू पूर्ण खूश झाली तर समजावं, दुसऱ्या बाजूला फसवलंय."

हे एकार्ट ब्रुनहोफर. मला मेली उत्सुकता फार. हा माणूस कोण, हे कळेपर्यंत मला चैन पडेना. दोन-चार दिवसांत त्यांच्या बायकोने, जोनने, कुंपणावरूनच सगळं सांगून टाकलं. जर्मनीतल्या एका डोंगराळ गावचे. आधी गावच्या कौन्सिलात, मग राज्याच्या विधानसभेत, आणि शेवटी दोन वेळा युरोपियन संसदेत. जोन इथली, लीड्सचीच. ती तिकडे दुभाषी होती. काचेच्या खोलीत बसून ती यांचं भाषण कानात घ्यायची आणि इंग्रजीतून बाहेर काढायची. "इतकी वर्षं त्याची वाक्यं मी पुरी केली," ती म्हणाली, "मग म्हटलं, लग्नच करून टाकू." निवृत्त झाल्यावर दोघं तिच्या आईवडिलांच्या या घरात राहायला आली.

संसदेत एवढं काय केलंत, असं मी त्यांना एकदा तोंडावर विचारलं. मला वाटलं, करार, शिखर परिषदा, असलं काही तरी सांगतील. ते म्हणाले, "ट्रॅक्टरचा आरसा." ट्रॅक्टरचा उजवा आरसा किती बाहेर असावा यावर त्यांनी तीन वर्षं काम केलं होतं. कोणाला बाहेर हवा, कोणाला आत, कोणाला आरसाच नको. शेवटी एक उपकलम मंजूर झालं, ते यांचं. मला हसू आवरेना. पण पुढे त्यांच्याबरोबर डेल्समध्ये, इथल्या डोंगराळ भागात, गेलो तेव्हा पाहिलं, अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला की हे गाडी थांबवायला लावायचे, काच खाली करून आरसा बघायचे आणि मान हलवायचे. त्यांच्या गावात मागे येणाऱ्या ट्रॅक्टरखाली सापडून एका पोराला पाय गमवावा लागला होता, हे मला जोनने सांगितलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत. त्यानंतर मी त्या आरशाला हसले नाही.

माझी लेक इरा त्यांना जर्मन आजोबा म्हणायची. तिचं मराठी म्हणजे आनंदच. "आजोबा कधी हसत नाही, पण ती मला रोज चॉकलेट देतो," असं तिने माझ्या आईला फोनवर सांगितलं, तेव्हा आई बराच वेळ घरात नक्की कोण येतं असं विचारत राहिली.

एकदा मी त्यांना आमच्या मराठी मंडळाच्या मीटिंगला नेलं. विषय होता गणपतीचे मोदक, घरी उकडायचे की फ्रोझन आणायचे. दोन तास रणकंदन झालं. हे कोपऱ्यात बसून वहीत लिहीत होते. मराठीचं एक अक्षर कळत नाही, लिहितायत काय? घरी येताना त्यांनी वाचून दाखवलं. कोण किती वेळ बोललं, कोणी कोणाला मध्येच तोडलं, सगळ्याची नोंद. "मिसेस वैद्य यांनी अकरा वेळा मध्ये तोंड घातलं. निळ्या साडीतल्या वृद्ध बाई एकदाच बोलल्या, आणि त्यानंतर सगळे गप्प झाले. निर्णय बहुधा त्यांचा असावा." अगदी बरोबर होतं. लेले काकूंनी म्हटलं होतं, मी उकडते, तुम्ही फक्त खा.

पण या माणसाचा खरा संसार म्हणजे शनिवारचं टेबल. तिकडे आमदार-खासदार आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी बसतात आणि कोणीही उठून जाऊन आपलं गाऱ्हाणं सांगू शकतं. यांनी ती सवय चाळीस वर्षं पाळली, आणि निवृत्त झाल्यावर लीड्समध्येही सोडली नाही. आमच्या भागातल्या लायब्ररीत एक टेबल दर शनिवारी दहा ते बारा यांच्या नावाने बुक केलेलं असायचं. ना पद, ना मतदारसंघ. टेबलावर एक पाटी: 'विचारा.' भिंतीवर खिळा ठोकून त्याला पुठ्ठ्याचे क्रमांक अडकवलेले. आल्यावर आपला क्रमांक काढून घ्यायचा आणि बसायचं, माणूस एकटाच असला तरी.

दोन खुर्च्या. त्यांची स्वतःची लाकडी, कडक. समोरची गादीची. "गाऱ्हाणं घेऊन आलेला माणूस आधीच अवघडलेला असतो," ते म्हणायचे, "त्याला निदान बसायला तरी मऊ द्यावं." त्या गादीच्या खुर्चीवर ते स्वतः कधीही बसत नसत, कोणी आलेलं नसलं तरी.

आणि मोठं रजिस्टर. त्यात तारीख, नाव, प्रश्न, काय केलं. लिहून झालं की वाचून दाखवायचं, दुरुस्ती विचारायची, सही घ्यायची. त्या रजिस्टरबरोबर एक करडा पुठ्ठा असायचा. नवीन माणूस समोर बसला की आधीच्या सगळ्या ओळींवर तो पुठ्ठा. एकाचं दुसऱ्याला दिसता कामा नये. मी किती वेळा डोकावायचा प्रयत्न केला असेल! एकदा तर चहाचा कप देण्याच्या निमित्ताने वाकलेसुद्धा. त्यांनी पुठ्ठ्यावर पंजा ठेवला आणि म्हणाले, "मिसेस वैद्य, तुमचं नाव इथे आलं तर तेही असंच झाकेन."

ब्रिटन युरोपातून बाहेर पडल्यावर त्या टेबलाला नुसती गर्दी. इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या पोलिश, रोमेनियन, इटालियन माणसांना आपल्याच घरात राहायला आता नव्याने अर्ज करायचा होता, तोही ठरावीक मुदतीत. सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहायचा हक्क. लोक भांबावले होते. हे प्रत्येकाला गादीच्या खुर्चीत बसवून, फॉर्म दोनदा वाचून भरून द्यायचे. आमच्या रस्त्यावरचा प्लंबर, केअर होममधल्या दोन नर्स, बेकरीवाली, सगळ्यांचे अर्ज त्यांनी केले. कोणी म्हणालं, माझ्याकडे जुनं कायमच्या वास्तव्याचं कार्ड आहे, मला कशाला? तर त्याला ठणकावून सांगायचे, "ते आता पुरत नाही. अर्ज करा." मुदत संपायच्या सुमारास जोन आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली. त्या काळातलेच काय ते थोडे शनिवार टेबल रिकामं राहिलं असेल.

मला एक गोष्ट मात्र कळत नव्हती. हा माणूस आपल्या गावी का जात नाही? त्यांची मोठी बहीण, हिल्डे, तिकडे एकटी राहायची. दर रविवारी अकराला तिचा फोन. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे भिंतीपलीकडून आम्हालाही सगळं ऐकू यायचं, फक्त कळायचं नाही. गावी न जाण्याचं एक कारण जोनने तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात सांगितलं होतं. विधानसभेत असताना गावाकडे जाणारी छोटी रेल्वे बंद करायच्या ठरावावर यांनी हात वर केला होता. पक्षाचा आदेश होता, आकडे होते, सगळं होतं. पण गावाने ते कधी विसरलं नाही, आणि यांनीही कधी म्हटलं नाही की ते चुकीचं होतं. "युरोपच्या संसदेत आल्यावरही भाषणं खूप केली त्यावर," जोन म्हणाली. "मी सगळी इंग्रजीत केली. एकातही ते एक वाक्य नव्हतं."

गेल्या वर्षी हिल्डेची नव्वदी होती. ऑक्टोबरात. भाचरं, नातवंडं सगळी जमणार. रविवारचा फोन नेहमीपेक्षा मोठ्याने आणि लांब चालला. दोन दिवसांनी मी विचारलं, "मग, कधी निघताय?" म्हणाले, गुडघे दुखतात, प्रवास झेपणार नाही. आणि त्याच दिवशी दुपारी हे शिडीवर चढून गटार साफ करतायत! मी खाली उभी राहिले कमरेवर हात ठेवून.

"गुडघे बरे दिसतायत."

"चढताना दुखत नाहीत," ते म्हणाले.

"मी तिकीट काढून देते. पासपोर्टचा नंबर द्या."

"नको."

"का नको? जायला भीती वाटते का गावाची?"

"जायला नाही." एवढं बोलून ते शिडीवरून उतरले आणि टायची गाठ सारखी केली. आता मी लीड्समध्ये वर्क व्हिसावर आलेली बाई. आम्ही लोक फॉर्म भरत भरतच म्हातारे होतो. माझ्याकडे प्रत्येक विजेच्या बिलाची दोन-दोन झेरॉक्स प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहेत. 'जायला नाही' म्हणजे 'यायला', हे मला लगेच उमगलं. तरी मी हसतच विचारलं, "तुमचं सेटल्ड स्टेटस आहे ना हो?"

त्यांनी शिडी मिटून भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "नाही."

अहो, माझ्या पायाखालची जमीनच सरकली! "अर्ध्या रस्त्याचे फॉर्म तुम्ही भरलेत!"

"म्हणूनच," ते म्हणाले. "आता कोणत्या तोंडाने सांगू?"

मग सगळं बाहेर आलं. त्यांच्याकडेही ते जुनं कार्ड होतं, ड्रॉवरमध्ये. इतरांना जे पुरत नाही ते आपल्याला पुरेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. जोन गेली आणि मुदतही गेली. आता गावी गेलं आणि परतताना विमानतळावर विचारलं, तुम्ही कोण, तर? "हिल्डे नव्वद वर्षांची आहे," ते म्हणाले. "आणि जोन इथे आहे. त्या टेकडीवरच्या दफनभूमीत. एकीकडे गेलो तर दुसरीकडे परत येता येईल का, मला माहीत नाही." मला रडूच आलं, आणि रडू आलं की मी चिडते. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. उशिराचा अर्जही घेतात, कारण पटलं पाहिजे, हे तुम्हीच लोकांना सांगता ना? आजच करू, आत्ता करू!

"आज मंगळवार आहे," ते म्हणाले. "शनिवारी. दहा वाजता."

शनिवारी मी लॅपटॉप घेऊन लायब्ररीत गेले तर हे खिळ्याजवळ उभे. कोटाला इस्त्री. त्यांनी एक नंबरचा पुठ्ठा काढून घेतला आणि मला लाकडी खुर्ची दाखवली. "तुम्ही तिथे." मग गादीच्या खुर्चीवर बसले, अगदी कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर. पहिल्यांदा येणारे सगळे तसेच बसतात. मी रजिस्टर उघडलं, पुठ्ठा ठेवला, तारीख घातली.

"नाव?"

"ब्रुनहोफर, एकार्ट."

"प्रश्न?" त्यांना काही बोलवेना, म्हणून मीच लिहिलं आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवलं: "अर्जाची मुदत निघून गेली. काही दुरुस्ती?"

"आहे," ते म्हणाले. "मुदत आपोआप निघून गेली नाही. मी ती जाऊ दिली. तशी दुरुस्ती करा."

मी केली. त्यांनी सही केली.

मग खरी कटकट सुरू झाली. पाच वर्षं सलग इथे राहिल्याचा पुरावा हवा. गॅस, वीज, कौन्सिल टॅक्स सगळं जोनच्या नावावर. यांच्या नावावर आलं ते ती गेल्यानंतरचं, म्हणजे जेमतेम दोन वर्षांचं. पेन्शन जर्मनीतून येणारी. या माणसाच्या घरात फायलींची भिंत आहे, पण त्यात सगळे दुसऱ्यांचे कागद! मी डोक्याला हात लावून बसले. काउंटरवरची सुझन हे ऐकत होती. ती म्हणाली, "या टेबलाचं बुकिंग चालेल का? कौन्सिलच्या सिस्टीममध्ये आहे." तिने प्रिंट काढायला घेतली आणि प्रिंटर थांबेचना. दर शनिवार, दहा ते बारा, ब्रुनहोफर. ओळीखाली ओळ, वर्षांमागून वर्षं. त्यांच्या डॉक्टरांचं पत्र नंतर जोडलं, पण माझ्या मते काम त्या गठ्ठ्याने केलं.

उशिराचं कारण लिहायच्या चौकटीवरून मात्र आमचं जुंपलं. मी टाइप केलं, 'पत्नीच्या आजारपणामुळे.' ते म्हणाले, खोडा.

"अहो, खरंच आहे की ते!"

"तिचा आजार नंतर आला. फॉर्म त्याच्या कितीतरी आधीपासून भरता येत होता. मी जोनवर ढकलणार नाही."

"कोण वाचणार आहे तुमचा हा खरेपणा? तिकडे बटण दाबतात नुसतं!"

"कोणीतरी एक माणूस वाचेल, मिसेस वैद्य. मी चाळीस वर्षं त्याच्या बाजूच्या खुर्चीवर बसलोय." मग म्हणाले, "त्या रेल्वेबद्दलही मी सगळी कारणं सांगितली. सगळी खरी होती. फक्त माझं नाव त्यात कुठे नव्हतं."

मी गप्प झाले. अकरा वेळा मध्ये तोंड घालणारी मी, गप्प. शेवटी तडजोड झाली, दोघांनाही थोडी टोचेल अशी. चौकटीत एवढंच गेलं: 'मी दर शनिवारी इतरांना हा फॉर्म भरून देत होतो. मी त्यांच्यापेक्षा वेगळा आहे असं वाटल्याने माझा भरला नाही. ही माझी चूक. नंतर माझी पत्नी आजारी होती आणि मला काही सुचत नव्हतं. मला आमच्या घरात राहायचं आहे.'

उत्तर आलं ते हिल्डेच्या वाढदिवसाच्या नऊ दिवस आधी. ईमेल. मंजूर. मी कुंपणावरूनच ओरडले. ते फोनवर पुन्हा पुन्हा वाचत राहिले आणि मग काळजीने म्हणाले, "पण कागद?" कागद नसतो, सगळं ऑनलाइन, हे काही त्यांना पटेना. त्यांनी प्रिंट काढली, पंच केली, आणि एक नवीन फाइल घेऊन तिच्या पाठीवर स्वतःचं नाव लिहिलं.

गेले, आठवडा राहिले, आले. विमानतळावर आणायला मी गेले होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, गावाला आता स्टेशन नाही, त्यामुळे शहरातून टॅक्सी करावी लागली. टॅक्सीवाला गावचाच, तरुण. वाटेत त्याने रुळांच्या जागी वाढलेलं गवत दाखवलं आणि म्हणाला, कोणा गाढवाने ही गाडी बंद केली कोण जाणे.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, मी."

"आणि तो?"

"त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मग हिल्डेच्या दारापर्यंत माझी बॅग उचलून दिली."

या मार्चमध्ये नवऱ्याची नोकरी स्लाऊला लागली आणि आम्ही लीड्स सोडलं. निघायच्या शनिवारी निरोप घ्यायला मी लायब्ररीत गेले. रिवाज तो रिवाज, म्हणून खिळ्यावरून दोन नंबर काढून घेतला आणि मासिकांच्या कपाटाजवळ थांबले. एक नंबर एका म्हाताऱ्या इटालियन बाईंच्या हातात होता. त्या गादीच्या खुर्चीपाशी उभ्याच होत्या, बसत नव्हत्या. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. चाळीस वर्षं इथे आहे, त्या सांगत होत्या, मुलं म्हणत होती, आई, फॉर्म भर, फॉर्म भर, मी ऐकलं नाही, आता कोणाला सांगायची लाज वाटते. आणि असं बोलता बोलता त्या दाराकडे वळायलाच लागल्या.

ब्रुनहोफरांनी रजिस्टरची पानं मागे उलटली. मग दुसरा एक करडा पुठ्ठा घेतला, एक वर ठेवला, एक खाली, मध्ये फक्त माझ्या अक्षरातली एक ओळ उघडी राहील असा. इतक्या वर्षांत त्या रजिस्टरमधलं दुसऱ्या कोणाला दाखवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी वही फिरवून बाईंसमोर केली आणि त्या ओळीखाली बोट ठेवलं.

बाईंनी चष्मा लावला. वाकून वाचलं. एकदा त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. मग त्यांनी कोटाची वरची दोन बटणं काढली आणि त्या खुर्चीवर बसल्या.

मी माझा दोन नंबर परत खिळ्याला अडकवला आणि बाहेर आले.